चावी फिरते, ट्रॅक्टर मात्र ढिम्म!
खाऱ्या वाऱ्यातील जुन्या लॉन ट्रॅक्टरचे विजेचे दुखणे कसे शोधावे?

मांडवा (ता. अलिबाग) : पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यातील वाड्यांत आणि बंगल्यांच्या आवारांत गुडघाभर वाढलेले गवत कापण्याची एकच घाई सुरू होते. शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला लॉन ट्रॅक्टर बाहेर काढला जातो, चावी फिरवली जाते आणि काहीच घडत नाही. फार तर 'टक्' असा एक आवाज येतो. पुढचा क्रमही ठरलेला असतो. 'बॅटरी गेली' असे निदान होते, नवी बॅटरी येते, आठ-पंधरा दिवस यंत्र चालते आणि पुन्हा मुके होते. मग सेल्फ बदलला जातो. तरीही गाडे अडलेच, तर 'पावसाळ्यात लक्ष दिले नाही' म्हणून ठपका माळ्यावर येतो.

या पट्ट्यात असे ट्रॅक्टर बहुधा परदेशी बनावटीचे, अनेकदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे आलेले असतात. त्यांची माहितीपुस्तिका केव्हाच हरवलेली असते. सुटा भाग मुंबईहून वा त्याहून दुरून मागवावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यापासून वाहन घेऊन येणे-जाणे सोपे झाले असले, तरी एका सोलेनॉइडसाठी कारागिराला मुंबईहून बोलावणे कोणालाच परवडत नाही. म्हणूनच काहीही विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधणे अगत्याचे ठरते. समुद्रकाठच्या जुन्या यंत्रांत हा दोष बॅटरीच्या पोटात असण्यापेक्षा तिच्या वायरींच्या जोडांवर असण्याचीच शक्यता अधिक असते.

मिठाचे कारस्थान

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की निव्वळ मीठही हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओले राहतात. किनाऱ्यावरच्या वाऱ्याने उडालेले हे मीठ यंत्राच्या प्रत्येक बोल्टवर, प्रत्येक टर्मिनलवर बसते. ज्यावर मीठ बसले तो जोड पावसाळाभर खऱ्या अर्थाने कोरडा होतच नाही. त्यात तांब्याचे थिंबल लोखंडी चासीवर आवळलेले असले, की दोन भिन्न धातू आणि मधे खारे पाणी अशी एक छोटी बॅटरीच तेथे तयार होते. त्यात झिजते ते लोखंड. वरून बोल्ट घट्ट दिसतो, आत मात्र गंजाचा पापुद्रा धरलेला असतो.

हा पापुद्रा किती नुकसान करतो, हे साध्या गणिताने कळते. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो : प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब. एका सिलिंडरचे इंजिन फिरविताना सेल्फ १०० अँपियरच्या आसपास प्रवाह ओढतो. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०३ ओहम असला, तरी १०० अँपियरला तेथे ३ व्होल्ट गिळंकृत होतात. बारापैकी नऊ उरले. मात्र हाच जोड एक-दोन अँपियरच्या दिव्याला काहीच अडवत नाही. हेडलाइट झगझगीत पेटतो आणि सेल्फ मात्र हलत नाही, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर यातच दडलेले आहे. गॅरेजमधला टेस्ट लॅम्पही याच कारणाने फसवतो. तो पेटला म्हणजे वाट मोकळी आहे, असे मुळीच नव्हे.

दोन वाटा

या ट्रॅक्टरमध्ये विजेच्या दोन वाटा असतात, आणि त्या डोक्यात पक्क्या बसल्या की निम्मे काम झाले. मोठी वाट जाड केबलची : बॅटरीच्या धन टोकापासून सोलेनॉइडकडे, तेथून सेल्फकडे, सेल्फच्या अंगातून इंजिनाच्या धडात, धडातून चासीत आणि चासीवरून काळ्या केबलने परत बॅटरीच्या ऋण टोकाशी. छोटी वाट बारीक वायरींची : बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजकडून चावीचा स्विच, तेथून ब्रेक वा क्लचच्या पेडलखालचा स्विच, मग पाते जोडण्याच्या लिव्हरचा स्विच आणि अखेर सोलेनॉइडची गुंडाळी. छोट्या वाटेने आलेल्या हलक्या प्रवाहाने सोलेनॉइडमध्ये चुंबक जागा होतो आणि तो मोठ्या वाटेचे जाड संपर्क एकमेकांवर आदळवतो. 'टक्' आवाज होतो तो हाच.

प्रवाह आला की चुंबक आला, या नात्याचे एक ठळक उदाहरण अलिबागकरांच्या दारातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्यास कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप येथे होत आले ते त्या ट्रामच्या धास्तीमुळे. चावीने सेल्फ मारण्याची सोयही त्याच काळातली. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हँडल मारण्याच्या कटकटीतून चालक सुटले. आजच्या लॉन ट्रॅक्टरमधली रचना तत्त्वतः तीच आहे.

आधी कान द्या

हत्यार हाती घेण्यापूर्वी पाते सुटे करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा, बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको आणि मनगटातले धातूचे कडे उतरवून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, याचा विसर पडू देऊ नये. केबल सोडायची वेळ आली तर आधी ऋण टोकाची सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. उलट केल्यास पाना चासीला टेकताच ठिणगी उडते.

मग चावी फिरवून ऐका. काहीच आवाज नाही, तर दोष बहुधा छोट्या वाटेवर आहे, अर्थात बॅटरी पूर्ण उतरलेली नसेल तर. एकच ठणठणीत 'टक्' आला आणि पुढे शांतता, तर छोटी वाट ठीक आहे. सोलेनॉइडचे संपर्क, जाड केबल, सेल्फ किंवा अडकलेले इंजिन यांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे. 'टकटकटकटक' असा मशीनगनसारखा आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड कच्चा आहे. ओढ पडताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा चढतो, पुन्हा ओढतो. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर विजेकडे पाहायचेच नाही. सेल्फच्या टोकावरची दातेरी चकती वर सरकून फ्लायव्हीलला भिडत नाही किंवा तिचे दाते झिजले आहेत. अनेक जुन्या इंजिनांत ही चकती प्लास्टिकची असते. तिच्या दांड्यावर भरपूर तेल ओतण्याची आपल्याकडे हौस आहे. त्या तेलावर गवताचा भुसा आणि धूळ चिकटून चकती आणखीच अडकते.

बॅटरीची खरी परीक्षा

काही शे रुपयांचा साधा मल्टिमीटर या कामाला पुरतो. रात्रभर न वापरलेल्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दिसले, तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी. रिकाम्या अवस्थेत चार महिने पडून राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात. मग ती चार्जरवर भरल्यासारखी दिसते आणि पहिल्याच ओढीला मान टाकते. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही. चावी फिरवलेली असताना, सेल्फ ओढत असताना दाब पाहावा. तो साडेनऊच्या खाली घसरला, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावे. पूर्ण चार्जनंतरही तेच घडले, तरच बॅटरीला दोष द्यावा.

या बॅटऱ्या लहान, साधारण २० ते ३० अँपियर-तासांच्या असतात. त्यांना दोन-तीन अँपियरने सावकाश भरावे. ट्रकच्या बॅटऱ्यांच्या चार्जरवर तासाभरात 'टाइट' करून आणण्याची पद्धत त्यांना मानवत नाही. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. विहिरीचे पाणी घालू नये, येथील तर नाहीच. मोटारीच्या बॅटरीवरून जंपर लावायचा तर मोटारीचे इंजिन बंद ठेवावे, आणि २४ व्होल्टच्या ट्रकच्या वाटेस जाऊ नये.

आता मुख्य परीक्षा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटावर. काळे टोक त्याच खुंटाला बसवलेल्या क्लॅम्पवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर तो अर्धा व्होल्ट त्या एका कच्च्या जोडाने खाल्ला. मग असेच पुढे सरकत जा : खुंटापासून सोलेनॉइडच्या पहिल्या जाड बोल्टपर्यंत, सोलेनॉइडच्या एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, तेथून सेल्फच्या बोल्टपर्यंत. शेवटी बॅटरीच्या ऋण खुंटापासून थेट इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत. मांडव्यासारख्या ठिकाणी हा शेवटचा टप्पा चुकवू नये. लाल केबलकडे सगळे पाहतात, काळ्या केबलचा चासीवरचा बोल्ट मात्र मातीत, गवतात आणि गंजात लपलेला असतो. चांगल्या जोडावर ०.२ व्होल्टपेक्षा अधिक नुकसान होता कामा नये. 'टक्' आवाज होऊनही सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये बॅटरीचा जवळजवळ पूर्ण दाब दिसत राहिला, तर त्याचे आतले संपर्क जळाले आहेत. तेथे दुरुस्तीच्या फंदात न पडता तो भाग बदलावा.

दोषी जोड सापडला की तो पूर्ण खोलावा. वरवर फडके मारून भागत नाही. बॅटरीच्या टोकावरची पांढरी-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. थिंबल, वॉशर आणि चासीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, कोरडी करावी, आवळावी आणि मगच वरून व्हॅसलीनचा थर द्यावा. केबलच्या टोकाशी आवरणाखाली तांबे काळे-हिरवे पडून भुगा झाले असेल, तर घासण्यात वेळ दवडू नये. केबलच नवी घालावी, आणि ती आधीच्या जाडीची असावी.

मुकी चावी आणि 'डायरेक्ट'चा धोका

काहीच आवाज येत नसेल, तर आरंभ फ्यूजपासून करावा. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या खोबणीत गंज असू शकतो. मग चावीच्या स्विचवर दाब येतो का आणि चावी 'स्टार्ट'ला नेल्यावर पुढे जातो का, ते पाहावे. पुढे ब्रेकचा स्विच, पुढे पात्याचा. जेथे दाब येतो पण निघत नाही, तेथे दोष. वायर मधेच उंदरांनी कुरतडलेली असणे हाही येथील नित्याचा प्रकार आहे. शेडमधल्या ट्रॅक्टरचे बॉनेट त्यांना घरट्यासाठी फार सोयीचे पडते.

सोलेनॉइडपर्यंत दाब पोहोचूनही तो बोलत नसेल, तर त्याला किती टोके आहेत ते मोजावे. दोन जाड आणि दोन बारीक अशी चार टोके असतील, तर एका बारीक टोकाला अर्थची वायर असते, ती तपासावी. एकूण तीनच टोके असतील, तर त्याचा अर्थ त्याच्या पत्र्याच्या बैठकीतून आणि तिला धरणाऱ्या स्क्रूंमधून जातो. हे स्क्रू गंजले, की धडधाकट सोलेनॉइड मेल्यासारखा पडून राहतो. असे कितीतरी सोलेनॉइड भंगारात गेले असतील!

या टप्प्यावर एक मोह टाळायला हवा. ब्रेकचा, पात्याचा किंवा सीटखालचा स्विच बिघडला, की 'कशाला त्रास, डायरेक्ट करून देतो' असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. दोन वायरी पिळून ट्रॅक्टर सुरूही होतो. परंतु ब्रेकचा आणि पात्याचा स्विच यंत्र गिअरमध्ये असताना वा पाते जोडलेले असताना सेल्फ फिरू देत नाहीत, आणि पाते चालू ठेवून चालक सीटवरून उठला तर सीटखालचा स्विच इंजिन बंद पाडतो. पूर्ण वेगात पात्याचे टोक ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या घरात फिरत असते. शनिवार-रविवारी बंगल्यांच्या हिरवळीवर मुले खेळत असतात. हे स्विच फार महाग नसतात. तपासणीपुरती वायर जोडून दोष ओळखावा, ती लगेच काढावी आणि स्विच बदलावा. माळी रोजंदारीवर आहे म्हणून त्याच्या पायांची किंमत कमी होत नाही. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा धरून सेल्फ मारण्याची युक्तीही याच जातीची. त्या वेळी हे सारे स्विच बाजूला पडतात, माणूस नेमका चाकासमोर वाकलेला असतो आणि यंत्र गिअरमध्ये राहिले असेल तर ते अंगावर येते.

वीज निर्दोष असते तेव्हा

सगळे आकडे बरोबर, तरीही सेल्फ इंजिनाला अर्धा फेरा देऊन अडखळतो, असेही होते. अशा वेळी स्पार्क प्लग काढून चावी फिरवावी. प्लगची वायर भोकापासून लांब, धातूला टेकवून ठेवावी. इंजिन आता मोकळे फिरले, तर दोन शक्यता आहेत. कार्ब्युरेटरची सुई गळून सिलिंडरमध्ये पेट्रोल साठले असेल, तर ते प्लगच्या भोकातून पिचकारीसारखे उडते, म्हणून तोंड आणि ठिणगी दोन्ही दूर हवीत. पेट्रोल नसेल, तर टॅपेट पाहावेत. एका सिलिंडरच्या अनेक इंजिनांत सुरू होताना कॉम्प्रेशन थोडे सोडून देण्याची योजना असते. टॅपेटची फट वाढली की ती योजना काम करीत नाही आणि छोट्या सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावे लागते. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलूनही न सुटलेले दुखणे फीलर गेजच्या एका पट्टीने सुटते ते येथे. इंजिन प्लग काढूनही फिरत नसेल, तर ते आतून अडकले आहे आणि काम विजेच्या कारागिराचे उरलेले नाही.

इंजिन छान फिरते पण पेटत नाही, हा प्रकार वेगळा. या जुन्या इंजिनांत ठिणगी बहुधा बॅटरीवर अवलंबून नसते. फ्लायव्हीलवरच्या चुंबकाने ती मॅग्नेटो कॉइलमध्ये निर्माण होते. चावी 'बंद' करणे म्हणजे या कॉइलची एक बारीक वायर अर्थला टेकवणे. ती वायर सोलून चासीला लागली किंवा चावीच्या स्विचमध्ये खारट ओल साचली, तर यंत्र कायमचे 'बंद'च समजते. ती वायर क्षणभर कॉइलपाशी सोडून ठिणगी येते का ते पाहावे, आणि पाहून झाल्यावर पुन्हा जोडावी, अन्यथा इंजिन चावीने बंद होणार नाही. या वायरला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही देऊ नयेत, कॉइल जळते. चावीचा नवा स्विच घेतानाही हाच घोळ होतो. मॅग्नेटोच्या आणि बॅटरी-इग्निशनच्या स्विचांच्या पिना सारख्याच दिसतात, पण आतली जोडणी वेगळी असते. जुना स्विच दुकानात सोबत न्यावा आणि कोणती टोके केव्हा जुळतात हे मीटरने ताडून घ्यावे.

यंत्र एकदा सुरू झाले, की वेगात असताना बॅटरीवरचा दाब पाहिल्याशिवाय काम संपले असे समजू नये. तो साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान चढला पाहिजे. १२.५ वरच घुटमळत राहिला, तर फ्लायव्हीलखालच्या कॉइलकडून येणारे चार्जिंग बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. रेक्टिफायर किंवा डायोड आणि त्यांचा प्लास्टिकचा कनेक्टर तपासावा. नवी बॅटरी पंधरा दिवसांत 'जाते' ती अनेकदा यामुळेच.

पुढच्या जूनमध्ये यंत्र झाकण्यापूर्वी बॅटरी काढून घरात, हवेशीर जागी न्यावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज जुन्या काळच्या रबरी-लाकडी पेट्यांपासून चालत आला आहे. आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशी काही करीत नाही. ताडपत्री यंत्राला घट्ट गुंडाळू नये, खालून वारा खेळता ठेवावा. बंद ताडपत्रीखाली खारट वाफ कोंडून राहते. २०२० मध्ये टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभी राहिलेली आणि वर ३ जूनच्या निसर्ग वादळाचा मारा सोसलेली यंत्रे या किनाऱ्यावर होती. अशा यंत्राचा प्रत्येक जोड एकदा खोलून पाहिलेला बरा. बॅटरी खरोखरच निकामी ठरली, तर ती विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि शिशाला भावही मिळतो. वाडीच्या कुंपणाबाहेर वा खाडीत ती टाकू नये.